माथेरानची ई-रिक्षा: आईला घेऊन दस्तुरी ते बाजारपेठ

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हाच तिने माथेरानचं नाव टाकलं होतं. यंदा तिला घेऊन गेले, ते केवळ ई-रिक्षामुळे.

गाडी मुद्दाम घरी ठेवली. डोंबिवलीहून कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. त्यापुढे मोटारींना बंदी आणि बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर लांब. आमच्या हॉटेलवाल्याने मात्र फोनवर 'टॅक्सी दारापर्यंत येते' असं बिनदिक्कत सांगितलं होतं. म्हातारं माणूस सोबत असणाऱ्यांना असं फसवू नये.

रविवार असल्याने रांगेत पाऊण तास गेला. भाडं माणशी 35 रुपये पडलं. पायरी उंच आहे, पण चालकदादांनी खाली उतरून आईला हात दिला. रिक्षा निघाली तरी इंजिनाची घरघर नाही, चाकाखाली तांबडी माती चुरचुरते तेवढीच. समोरून घोडा आला की दादा हॉर्न न वाजवता कडेला थांबत. "बुजतो ताई तो." धक्के मात्र बसतात, पाठीचं दुखणं असेल तर कमरेचा पट्टा बांधूनच बसा.

हे दादा आधी हातरिक्षा ओढायचे. बाबा होते तेव्हा त्यांना आम्ही तशाच रिक्षातून नेलं होतं. पुढे एक, मागे दोघे. चढावर पुढच्याच्या पोटऱ्या ताठरलेल्या, खांद्यावरचा पंचा घामाने चिंब. बाबा अर्ध्या वाटेत उतरले, पूर्ण पैसे दिले आणि काठी टेकत चालू लागले. "माणसाने ओढलेलं सोसवत नाही मला," एवढंच म्हणाले.

डिसेंबर 2022 मध्ये इथे 7 ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. फार आधी व्हायला हवं होतं हे. दादांना विचारलं, काय फरक पडला? म्हणाले, "रात्री बायकोला पाय चेपावे लागत नाहीत."

रिक्षा आणखी वाढाव्यात असं मनापासून वाटतं. पण त्यांच्या मागोमाग पेट्रोलच्या गाड्या वर येता कामा नयेत, आणि घोडेवाल्यांचं पोटही सांभाळलं जावं.

सोमवारी सकाळी परतताना शाळेच्या मुलांनी भरलेल्या दोन रिक्षा आम्ही जाऊ दिल्या. तुम्हीही द्या. ज्येष्ठ सोबत असतील तर शनिवार-रविवार टाळा. रांग फारच मोठी असली तर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल मिळते.