दहीपुलाजवळचा फ्रेमवाला आणि आजीच्या गालावरचे वण

दुकानाला नावच नाही. शटरच्या वर पत्र्यावर ‘फोटो फ्रेम, काच, आरसे’ एवढंच रंगवलंय, त्यातही ‘आरसे’ची मात्रा उडून ‘आरस’ झालंय. मेन रोडवरून दहीपुलाकडे उतरताना एका बोळात आहे, विचारलंत तर कुणीही दाखवेल. दुपारी एक ते चार बंद. नाशिकला हे पुण्याचं वारं कधी लागलं देव जाणे. पहिल्या दिवशी मी जेल रोडहून बसने शालिमारला उतरून भर उन्हात चालत दीड वाजता पोचले आणि कुलूप बघून परत आले.

मी नेलं होतं ते असं: एक फोटो, एक कुंची, चिकट पानांचा एक अल्बम आणि निगेटिव्हचं एक पाकीट.

आधी फोटोचं सांगते, कारण त्याच्याचसाठी गेले होते. १९५६ च्या संक्रांतीचा आहे. दादाचं बोरन्हाण झालं त्या आठवड्यात वडील सगळ्यांना स्टुडिओत घेऊन गेले. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, जिना आणि कुठलंसं तळं. पुढे आजी, तिच्या मांडीवर कुंचीतला दादा, मागे आई-वडील. मी अजून जन्मायची होते. आमचं घर भांडी बाजाराजवळ. १९६९ च्या पुरात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला आणि पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा हा फोटो भिंतीवरच राहिला. पाणी ओसरल्यावर आईने चिखल पुसून फ्रेम तशीच गच्चीवर उन्हात ठेवली. फोटो काचेला चिकटून वाळला, तो आजतागायत.

याआधी दोन ठिकाणी दाखवला होता. एकजण म्हणाला, तासाभरात काढून देतो. दुसरा म्हणाला, गरम पाण्यात बुडवला की आपोआप सुटतो. दोन्हीकडून मी फोटो छातीशी धरून बाहेर पडले.

इथल्या भाऊंनी फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागचे खिळे काढले, मग सुलटी करून बॅटरीचा उजेड आडवा टाकून पाच मिनिटं नुसतं बघितलं. “हा सुटणार नाही, ताई. सोडवायला गेलो तर चेहरे काचेवर राहतील आणि कागद माझ्या हातात येईल.” जुन्या कृष्णधवल फोटोत चित्र कागदात नसतं, वरच्या जिलेटिनच्या थरात असतं. तो थर भिजला की फुगतो, डिंकासारखा होतो आणि वाळताना काचेला धरतो. खिरीचं पातेलं रात्रभर तसंच ठेवून बघा, म्हणजे कळेल. म्हणून फोटो आहे त्याच काचेवर राहू द्यायचा, मागची कुजलेली फळी काढून ॲसिड-फ्री बोर्ड लावायचा आणि काचेवरूनच त्याची प्रत घ्यायची, असं ठरलं.

स्कॅनर असताना ती प्रत कॅमेऱ्याने का, हेही मी विचारलं. स्कॅनर आपल्या काचेला टेकलेलं तेवढंच नीट बघतो, मधे आमची जाड काच आली की चित्र भुरकट येतं. त्यांनी कॅमेरा उभा टांगला, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावले, दिव्यांवर आणि भिंगावर फिल्टर चढवले. काचेवरची चमक नाहीशी होईपर्यंत अर्धा तास खटपट चालली होती. मी तेवढा वेळ उभीच. तेहतीस वर्षं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये (आम्ही नुसतं ‘प्रेस’ म्हणतो) टपाल तिकिटांची शीटं तपासण्यात गेली, त्यामुळे दुसऱ्याच्या कामाकडे टक लावून बघायची वाईट खोड आहे. लोक वैतागतात. भाऊंनी स्टूल पुढे सरकवलं.

आता तक्रार. फोटोची पुढची दुरुस्ती त्यांचा भाचा कॉम्प्युटरवर करतो. आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर नमुना आला आणि मी चष्मा पुसून परत बघितला. आजीचे गाल सिनेमातल्या नटीसारखे गुळगुळीत. माझ्या आजीला लहानपणी देवी आल्या होत्या, दोन्ही गालांवर वण होते. कुठल्याशा एआयने पुराच्या पाण्याचे डाग आणि आजीचे वण एकाच फडक्याने पुसून टाकले होते. नथीचे खालचे मोती ओठात विरघळले होते, दादाच्या कुंचीच्या गोंड्याचं फूल झालं होतं आणि न सांगता सगळं रंगीत केलं होतं. आजीचं लुगडं निळं! आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे, पण अजून छातीठोक सांगते की ते डाळिंबी होतं.

दुसऱ्या दिवशी गेले.

“मावशी, आता छान दिसतात ना?” भाचा म्हणाला.

“छान दिसते रे. पण ही कोण?”

त्याला बिचाऱ्याला कळेना. पांढऱ्या कागदावर चुकांचे आकडे टाकून यादी दिली, प्रेसमध्ये द्यायचे तशी. एकूण अकरा. मग त्याने ते एआय बाजूला ठेवलं आणि एकेक डाग हाताने काढला. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला वण परत आले, नथ नथीसारखी झाली, रंग गेला. पंधरा दिवसांचा वायदा होता, सदतीस दिवस लागले. पाचातला एक तारा त्याचा कापला आहे. देवीचा रोग देशातून गेल्याचं १९७७ मध्ये जाहीर झालं, त्यामुळे नातीने मोठा केलेला फोटो बघून पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पणजीच्या आईला पिंपल्स होते का. पण वण दिसले हे खरं.

कुंची हिरव्या खणाची, जरीच्या काठाची. आधी दादाने घातली, मग मी, मग दादाच्या मुलांनी, मग माझ्या मुलाने. इतकी वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसकट. भाऊंनी पिशवी उघडली, शिंकले आणि परत दिली. “आठ दिवस सावलीत उघडी ठेवा, मग आणा.” गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. मला जरीचा काठ चमकवून हवा होता, त्यालाही नाही म्हणाले. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. घासली की काळपटपणाबरोबर मुलामाही जातो. कुंची त्यांच्या मंडळींनी कापडी पाठीवर हाताने टाचली, तेसुद्धा जुन्या शिवणीतूनच सुई घालून. नवं भोक एकही नाही, मी भिंगाने बघितलंय. गोंद नाही, टाचणी नाही. काच कापडापासून दोन बोटं लांब. आणि बजावून सांगितलं, पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगायची नाही, उन्हासमोर तर नाहीच.

अल्बमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मीच १९८४ मध्ये हौसेने जुने फोटो काळ्या पानांवरून काढून त्या चिकट पानांवर लावले होते. भाच्याने दात साफ करायचा तो दोरा मागून सरकवत सगळे ४६ सोडवले. छोटे, ६ बाय ९ सेंटीमीटरचे, १२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केले, म्हणजे चौपट मोठे छापले तरी अस्पष्ट होत नाहीत. निगेटिव्हच्या पाकिटातून व्हिनेगरचा वास येत होता. जुनी ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की असा येतो. ते पाकीट त्यांनी बाकीच्या सामानापासून लांब ठेवलं आणि सगळ्यांत आधी स्कॅन केलं.

एक काम मात्र झालं नाही, आणि त्यात दोष माझाच. वडिलांनी आईला लिहिलेलं एक पत्र मी १९९७ मध्ये लॅमिनेट करून आणलं होतं. प्रेसमधल्या बाईने! नोटेला कापसाचा कागद लागतो, साधा लाकडाच्या लगद्याचा पिवळा पडून कडकडीत होतो, हे मी नव्या मुलींना शिकवायचे आणि घरचं पत्र गरम प्लॅस्टिकमध्ये दाबून आणलं. भाऊंनी ते उलटंपालटं केलं. “यातला डिंक आता कागदाच्या धाग्यात गेलाय, ताई.” पुढे काही बोलले नाहीत. त्याचे पैसेही घेतले नाहीत, अर्थात कशाचे घेणार.

बाकी पैसे असे: काचेवरून प्रत ४००, दुरुस्ती ६००, अल्बमचे दर फोटोला ३०, कुंचीची पेटी-फ्रेम ३,२००. निगेटिव्ह अजून तिथेच आहेत, त्यांचा हिशोब व्हायचाय. घासाघीस केली नाही. सगळं पेनड्राइव्हवर दिलं, तो आपला न्यायचा.

दहीपुलावर पाणी साचतं हे नाशिककरांना सांगायला नको, म्हणून सामान सोडण्याआधी मी विचारलं होतं की रात्री हे ठेवता कुठे. भाऊंनी शिडी लावून माळा दाखवला. गुडघे दुखतात तरी चढून बघितलं. कोरडा आहे.

जाणार असाल तर घरी काही पुसू नका, सेलोटेप ओढून काढू नका, आहे तसं घेऊन जा. सकाळी अकराला गेलात तर भाऊ निवांत भेटतात. चहाही मिळतो, पण फोटो टेबलावर असेपर्यंत नाही.