स्टायलिंगमधून वेशभूषेकडे: साताऱ्यात राहून मालिका धरावी की चित्रपट?

साताऱ्यात नवरीचं स्टायलिंग, प्री-वेडिंगचे कपडे, सराफांच्या जाहिराती करणाऱ्यांपुढे हा प्रश्न आता वरचेवर येतो. वाई-मेणवलीपासून जिल्ह्यातल्या गावागावांत शूटिंग चालतं. मग आपणही वेशभूषेत शिरावं का?

आधी जुन्या कामाशी फरक बघा. स्टायलिंगमध्ये समोरचं माणूस देखणं दिसलं की काम झालं. वेशभूषेत ते पात्र खरं वाटावं लागतं. जतकडची शेतकरी म्हातारी दाखवायची तर इरकल नऊवारी हवं, तेही धुऊन धुऊन विटलेलं. नवं लुगडं चहाच्या पाण्यात बुडवायचं, दगडावर घासायचं, काठ जरा उसवायचा. कोरा कपडा बिघडवताना ज्याचा जीव कासावीस होतो, त्यानं स्टायलिंगमध्येच राहावं, असं मी स्पष्ट सांगेन. शिवाय दुकानातून टॅगसकट आणलेले कपडे शूट संपलं की परत, ही सवयही सोडावी लागते. राहिलेलं पॅचवर्क, म्हणजे सुटलेल्या तुकड्यांचं चित्रीकरण, पुरं होईपर्यंत प्रत्येक कपडा जपून ठेवायचा असतो.

मालिकेत वेग शिकायला मिळतो. शिफ्ट साधारण १२ तासांची, आणि प्रसंग क्रमानं चित्रित होत नाहीत. सून उंबऱ्यातून आत येते ते आज, आणि त्याआधी अंगणातून चालत येते ते पुढच्या आठवड्यात. साडी तीच, बांगड्या तेवढ्याच, पदराची पिन त्याच जागी. फोटो आणि वही नसेल तर पहिल्याच आठवड्यात घोळ होतो. भिजण्याचा किंवा मारामारीचा प्रसंग असला की एकाच कपड्याचे दोन-तीन जोड तयार ठेवायचे. बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरते, कडक कांजीची साडी माइकमध्ये खरखरते, हे सेटवरच कळतं. उणी बाजू एवढीच, की चॅनेलनं ठरवलेल्या लूकमध्ये तुम्हाला फारसं काही बदलता येत नाही.

चित्रपटात पटकथा आधी हाती येते. पात्राचं वय, गाव, ऐपत यांचा विचार करायला वेळ मिळतो, आणि मनापासून आवडणारं काम तेच. कोल्हापूरच्या भानू अथैया स्त्रियांच्या मासिकात फॅशनची रेखाटनं करत करतच चित्रपटांकडे वळल्या. 'गांधी'साठी १९८३ मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. मेणवलीत चित्रित झालेल्या 'स्वदेस'ची वेशभूषाही त्यांचीच. पण तयारी बहुतेक मुंबईत होते, वाईला येणारं मोठं युनिट आपली माणसं घेऊन येतं, आणि एक चित्रपट संपला की दुसरा कधी, हे कुणी सांगू शकत नाही.

पैशाचं म्हणाल तर लग्नघर आगाऊ रक्कम देतं. पडद्याच्या कामात बिल दिल्यावर महिनोन्‌महिने थांबावं लागू शकतं, म्हणून लेखी कराराशिवाय एकही कपडा स्वतःच्या पैशानं आणू नका.

साताऱ्यात राहणाऱ्यानं आधी मालिकाच धरावी, असं माझं मत. चातुर्मासात लग्नं थांबतात, मालिकांचं शूटिंग थांबत नाही. आषाढी झाली की जवळच्या सेटवर सहायक म्हणून जा, ड्रेसदादांच्या (सेटवर कपडे सांभाळणाऱ्यांच्या) हाताखाली इस्त्री आणि कंटिन्युइटीची, म्हणजे कुठल्या प्रसंगात काय घातलं होतं याची, वही सांभाळा. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मुहूर्त सुरू होतील, तेव्हा कुठलं काम घ्यायचं ते ठरवा.