पाण्याचा हिशेब: घरोघरचं सर्वेक्षण की सुविधांची नोंदवही?

सर्वेक्षण लोकांना प्रत्यक्षात काय मिळतं ते सांगतं: पाणी आणायला जाऊन-येऊन ३० मिनिटांपेक्षा जास्त लागतात का, शौचालय दुसऱ्या कुटुंबांसोबत वापरावं लागतं का. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचं पाणी-स्वच्छतेचं संयुक्त मोजमाप बरंचसं अशाच माहितीवर उभं आहे. पण असं सर्वेक्षण होतं काही वर्षांनी एकदा. हातपंपाचा वॉशर आज झिजला, तर त्याला पत्ताही नसतो.

डिजिटल नोंदवहीत प्रत्येक पंपाला क्रमांक, जीपीएस ठिकाण, शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते. मेकॅनिक कुठे पाठवायचा, हे तिच्यातूनच कळतं. अर्थात, कोणी ती अद्ययावत ठेवली तर! बंद पडलेला पंप वर्षानुवर्षं ‘चालू’ दिसतो, तोही इथेच. धोरण आखायला सर्वेक्षण चांगलं. रोजच्या कारभारासाठी मी नोंदवहीच निवडेन, पण ती भरणाऱ्याच्या पगाराची तरतूद आधी बघून.