लॅपटॉप तापतोय: कूलिंग पॅड घ्यायचं, साफसफाई करायची, पेस्ट बदलायची की नुसतं सेटिंग?

लॅपटॉप तापायला लागला की बहुतेक जण सरळ कूलिंग पॅड शोधायला बसतात. साहजिक आहे म्हणा, आणायचं, खाली ठेवायचं, काही उघडायची भानगड नाही. पण मला विचाराल तर या चार मार्गांत सगळ्यात बेभरवशाचा तोच आहे, आणि जे दोन खरोखर फरक पाडतात त्यातला एक फुकट आहे आणि दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हर नि थोडा वेळ लागतो. त्यामुळे काही घ्यायच्या आधी तुमचा लॅपटॉप तापतो कसा ते बघा.

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यातलं सेन्सर्सचं पान उघडा आणि गेम, व्हिडिओ एक्सपोर्ट असं काहीतरी जड काम सुरू करा. आकडा बघून आधीच घाबरू नका, इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादाच १०० डिग्रीच्या आसपास असते, तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो (थ्रॉटलिंग म्हणतात ते हेच). गेमिंग लॅपटॉप जड कामात ९० ला दिसला म्हणजे तो मेला असं नाही. काळजी कशाची करायची, तर गेम दहा मिनिटं छान चालून मग अडखळायला लागतो, मशीन मधेच फट्कन बंद पडतं, किंवा आधी असं होत नव्हतं आणि आता होतंय.

आता आकडा चढतो कसा ते. पंख्याचा जीव चाललाय, आवाज खोलीभर, आणि बाजूच्या जाळीशी हात धरला तर वारा अगदी मरतुकडा, तर धूळ. वारा जोरात येतोय आणि चांगला गरम येतोय, तर कूलिंग आपलं काम करतंय, उष्णताच जास्त तयार होतेय, म्हणजे सेटिंगचा विषय. काम सुरू केल्या केल्या दोन-तीन सेकंदात ९५ च्या वर आणि बंद केलं की लगेच धाडकन खाली, तर पेस्टवर (चिप आणि तिच्यावरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, मधे लावलेली थर्मल पेस्ट) संशय घ्या, पण हे अगदी नवा असल्यापासून असंच असेल तर पेस्ट नाही, टर्बो बूस्ट आहे (काम जड आलं की प्रोसेसर स्वतःच आपला स्पीड वर चढवतो ते), पातळ लॅपटॉप बरेचसे असेच वागतात. आणि काहीच उघडलेलं नसताना तापत असेल तर टास्क मॅनेजर बघा, एखादा टॅब नाहीतर अँटिव्हायरस प्रोसेसर खात बसलेला असतो, त्याला पॅड आणि पेस्ट काय करणार.

पॅड विरुद्ध साफसफाई, कारण खरी निवड इथेच होते. साध्या पॅडचे पंखे यूएसबीवर चालतात, साध्या यूएसबी २.० पोर्टमधून जेमतेम अडीच वॅट मिळतात, आणि तो वारा लॅपटॉपच्या खालच्या प्लास्टिकवर आपटून बाजूला जातो, आत जातो फक्त जिथे जाळी असेल तिथून, आणि पॅडचा पंखा नेमका त्या जाळीखाली येईलच असं नाही. त्यामुळे बऱ्याचदा जो काही दोन-चार डिग्रीचा फायदा दिसतो तो लॅपटॉप मागून उचलला गेल्याचा असतो, आणि तो साध्या स्टँडनेही मिळतो. मागच्या पायांखाली दोन बाटलीची झाकणं ठेवून बघा, फरक पडला तर पंखेवालं पॅड न घेता स्टँड घ्या. कडेला फोमची पट्टी असलेली, ब्लोअरवाली पॅडं वेगळी, ती खालची जागा सील करून हवा आत कोंबतात आणि खरंच उतरवतात तापमान, पण आवाज असा की हेडफोन लावल्याशिवाय बसवत नाही, आणि धूळही तेवढ्याच जोरात आत जाते.

साफसफाईचं गणित समजायला एकदा आत डोकवायला हवं. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांची जी खिडकी असते त्यांच्या मधोमध धूळ अडकते, आणि कालांतराने तिथे राखाडी नमद्यासारखी पट्टीच तयार होते, चिमट्याने धरली तर अख्खी एका तुकड्यात निघून येते. पंखा कितीही फिरू दे, वारा त्या पट्टीवर आपटतो आणि तिथेच संपतो. म्हणून बाहेरून हवा मारण्याचा उपाय अर्धवट आहे, खालून मारली तर पट्टी पात्यांवर अजून घट्ट बसते, मागून मारली तर सुटते पण आतच पडून राहते. मागचं झाकण काढूनच करायचं. बंद करा, चार्जर काढा, झाकण निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात ते एका कागदावर त्या त्या जागी ठेवा (लांब स्क्रू चुकीच्या जागी घट्ट केला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो), आणि हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, मोकाट फिरू दिलं तर बेअरिंगची वाट लागते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, स्टॅटिक विजेचा धोका असतो. कधीच साफ न केलेल्या लॅपटॉपला यात जेवढा फरक पडतो तेवढा कुठलंही साधं पॅड देत नाही, आणि वर पंख्याचा आवाजही कमी होतो. नवा असेल, आत्ताच घेतला असेल, तर मात्र उघडून काही मिळणार नाही.

पेस्ट. चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप असेल आणि वर सांगितलेली पेस्टवाली लक्षणं असतील तर करा, नाहीतर राहू द्या, कारण हीटसिंक काढणं हे झाकण काढण्यापेक्षा एक पायरी वरचं काम आहे. गरम-थंड होऊन होऊन पातळ पेस्ट चिपच्या बाजूंना सरकत जाते, म्हणून लॅपटॉपमध्ये घट्टसर पेस्ट बरी. त्याहून चांगलं हनीवेलचं पीटीएम ७९५०, ही पेस्ट नसून पातळ शीट असते, साधारण ४५ डिग्रीला मऊ होऊन जागेवर बसते आणि अशी सरकत नाही, त्यामुळे परत परत उघडायला लागत नाही. नकलीही खूप विकतात, तेवढं बघून घ्या. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा द्रवरूप धातू) सगळ्यात थंड, पण ते वीज वाहून नेतं आणि अॅल्युमिनियम खातं, एक थेंब बोर्डवर सांडला की खेळ खलास. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये.

आता सेटिंग, माझ्या मते सगळ्यांनी इथूनच सुरुवात करावी. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा, बहुतेक इंटेल लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. चिप खात असलेली वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, आणि शेवटचा स्पीड मिळवायला व्होल्टेजच चढवावं लागतं, म्हणून वरचा थोडा स्पीड सोडला की उष्णता भसकन उतरते. उदाहरणार्थ इंटेलचा आय७-१०७५०एच प्रोसेसर, मूळ स्पीड (बेस) २.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बोत ५.० पर्यंत, मधला सगळा भाग विजेच्या हिशेबाने महागडा. स्पीड सोडल्याची किंमत काय? ब्राउझिंग, ऑफिसच्या कामात कळतही नाही, बऱ्याच गेममध्ये थोडंसं कारण तिथे भार ग्राफिक्सवर असतो, पण व्हिडिओ एक्सपोर्ट किंवा कोड कंपाइल करणाऱ्याला वेळ वाढलेला सरळ दिसेल. त्याने अंडरव्होल्टिंग बघावं, थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधून प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं थोडं कमी करायचं, स्पीड तोच राहतो, फार कमी केलं तर हँग होऊन रीस्टार्ट, एवढंच. अडचण अशी की २०१९ मध्ये व्होल्टेजशी खेळून प्रोसेसरची सुरक्षा फोडता येते अशी प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड झाली आणि त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे बायोसमधूनच (विंडोजच्या आधी सुरू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) लॉक झालं, तुमच्यात चालतं का ते उघडूनच कळेल. गेम खेळणाऱ्यांसाठी अजून एक, स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर फ्रेम रेटला ६० चा लगाम घाला, उगाच १२० फ्रेम काढून खोली कशाला तापवायची.

मॅकवाल्यांचं थोडक्यात: २०२० च्या एम१ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, तेव्हा पंखा साफ करायचा प्रश्नच येत नाही, लो पॉवर मोड लावा आणि गादीवर ठेवून वापरू नका.

तर क्रम असा: आधी सेटिंग आणि मागून उचलणं, दोन वर्षांहून जुना असेल तर साफसफाई, त्यानेही भागलं नाही तरच पेस्ट. ब्लोअरवालं पॅड फक्त त्यांनी घ्यावं ज्यांना रोज तासन्‌तास पूर्ण ताकदीने मशीन चालवायचंय आणि स्पीड सोडायचा नाहीये. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी अटी वाचा, काही कंपन्यांना चालतं, काही कटकट करतात, आणि पंखा खरखरत असेल तर तो वॉरंटीतच बदलून घ्या.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा खालचं झाकण नीट बसत नसेल तर यातलं काहीच करू नका. बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता जास्त आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरी बदला.