पिंटरेस्टवरून कमाई: रांगोळी, ब्लाउज आणि मखर करणाऱ्यांसाठी परीक्षण

पिंटरेस्ट म्हणजे चित्रं शोधायची आणि जतन करायची जागा, इथल्या प्रत्येक चित्राला ‘पिन’ म्हणतात. पिंटरेस्ट चित्रं टाकणाऱ्याला स्वतः पैसे देत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. यूट्यूबसारखा जाहिरातीतला वाटा इथे मिळत नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘क्रिएटर रिवॉर्ड्स’ ही बक्षीस योजना सुरू झाली होती, पण ती 2022 च्या नोव्हेंबरअखेर बंदही झाली. ‘पिन टाका, डॉलर मिळवा’ सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. पिनला जोडलेली लिंक जिथे उघडते तिथेच पैसा असतो: तुमच्या ब्लॉगवरच्या जाहिराती, तुम्ही विकत असलेली पीडीएफ, शिवणाची ऑर्डर किंवा दुकानाच्या वस्तूवरचं कमिशन.

तरीही या कामांसाठी पिंटरेस्ट उत्तम आहे, आणि त्याचं कारण शोध. 2017 मध्ये आलेल्या ‘लेन्स’मुळे, म्हणजे फोटोवरून शोधायच्या सोयीमुळे, वस्तूचं नाव माहीत असण्याची गरज उरली नाही. लग्नात कुणाच्या ब्लाउजचा मागचा गळा आवडला, फोटो काढला, की तसेच गळे समोर येतात. आपल्याकडच्या कितीतरी नक्षीकामाला ठरलेलं नावच नाही, त्यामुळे असा शोध आपल्या कामाचा. शिवाय इथे प्रत्येक पिनला स्वतःची लिंक असते आणि कुणी ती पिन आपल्या बोर्डावर, म्हणजे चित्रांच्या संग्रहात, जतन केली तर लिंकही सोबत जाते. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबताच येत नाही. गौरी-गणपतीच्या सजावटीची चांगली पिन पुढच्या श्रावणात पुन्हा वर येते.

लेन्स आकार, रंग आणि पोत जुळवतं. म्हणून एका चित्रात एकच वस्तू ठेवा. रांगोळीचा फोटो स्टुलावर उभं राहून सरळ वरून घ्या, सकाळच्या मऊ उजेडात, आपली सावली पडू न देता. चपला, बादली, वायर चौकटीबाहेर काढा. गेरूवर पांढरी रांगोळी असेल तर कडा स्वच्छ ओळखू येतात. ब्लाउज डमीवर घालून पाठीकडून सरळ घ्या. मोकळ्या केसांनी गळा झाकला तर शोधात जुळायला काही उरत नाही. पैठणीच्या पदरावरच्या मोरांची पिन वेगळी करा, अख्ख्या साडीच्या फोटोत ते मुंगीएवढे दिसतात.

माप 1000 × 1500 पिक्सेल, म्हणजे 2:3. याहून उंच चित्र फीडमध्ये, म्हणजे लोक सरकवत बघतात त्या यादीत, कापलं जातं. रांगोळी गोल, चौकट उभी. मग खाली जागा उरते. तिथे ठिपके आणि पहिल्या दोन रेषा दाखवा. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, पण फीडमध्ये सुरुवातीची साधारण 40 च दिसतात, म्हणून ‘सुंदर, सोपी, आकर्षक’मध्ये ती घालवू नका. ‘15 ते 8 ठिपक्यांची कमळ रांगोळी’ एवढं पुरे. वर्णनात तेच शब्द रोमन लिपीतही लिहा, कारण पुष्कळ मराठी माणसं शोधताना इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात.

बहुतेकांची कमाई जिथे अडते ती जागा वेगळीच आहे. पिनवरच सगळं मिळालं तर माणूस ती जतन करतो आणि पुढे जातो. मेंदीच्या पिनचं हे नेहमी होतं: हजारो सेव्ह, लिंकवर कुणीच नाही. पिंटरेस्टच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये इम्प्रेशन (पिन किती वेळा दिसली), सेव्ह, पिन क्लिक (पिन किती वेळा उघडली) आणि आउटबाउंड क्लिक (लिंकवर किती जण गेले) हे आकडे वेगवेगळे दिसतात. कमाईसाठी शेवटचाच बघायचा. समजा 1,00,000 इम्प्रेशनमधून अर्धा टक्का लोक लिंकवर गेले, म्हणजे 500 जण. त्यातल्या शंभरात एकाने 99 रुपयांची पीडीएफ घेतली तर 5 विक्री, 495 रुपये. इम्प्रेशन दुप्पट करण्यापेक्षा लिंकमागची वस्तू सुधारणं सोपं असतं.

म्हणून चित्रातून पूर्ण नक्कल करता येणार नाही अशी वस्तू लिंकमागे हवी. 15 ते 8 च्या रांगोळीत (मधल्या ओळीत 15, मग वर आणि खाली एकेक कमी होत 8) 15 ओळी आणि 169 ठिपके येतात. ते पायरीपायरीने जोडलेलं बघायला माणूस ब्लॉगवर येतो. कटोरी ब्लाउजचा 34 ते 42 मापांचा कागदी पॅटर्न तर फोटोवरून काढताच येत नाही, त्यामुळे तो विकला जातो. मात्र पहिल्या पानावर 5 सेंटिमीटरचा चौकोन छापा आणि ‘प्रिंट 100 टक्क्यांवर काढा, चौकोन पट्टीने मोजा’ असं लिहा. ‘फिट टू पेज’वर प्रिंट काढली की पॅटर्न आक्रसतो, ब्लाउज घट्ट होतो आणि पैसे परत मागितले जातात. मखराला मागणी दरवर्षी असते. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, म्हणून पुठ्ठ्याच्या मखराचे कापायचे साचे द्या. सणाची पिन सणाच्या आठवड्यात टाकून उपयोग नाही, निदान सहा आठवडे आधी टाका.

ब्लॉगवर अ‍ॅडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरात सेवा, लावायचं असेल तर मराठी मजकूर त्यात चालतो. 10 डॉलर जमल्यावर पत्ता तपासायला टपालाने एक गुप्त क्रमांक येतो आणि 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. नव्या ब्लॉगला त्याला बरेच महिने लागतात, तेव्हा सुरुवात पीडीएफ किंवा ऑर्डरने करणं बरं. पिंटरेस्टचं खातं बिझनेसचं घ्या, ते फुकट आहे, आणि ब्लॉग ‘क्लेम’ करा, म्हणजे तो आपला असल्याचं दाखवा: दिलेला एचटीएमएल टॅग ब्लॉगच्या कोडमधल्या हेड विभागात चिकटवायचा किंवा ब्लॉगच्या पत्त्याच्या डीएनएस सेटिंगमध्ये टीएक्सटी नोंद करायची.

कमिशनच्या लिंका इथे चालतात, पण नवी खाती त्यांच्यामुळे बंद पडू शकतात. एकच लिंक वीस पिनांना लावणं किंवा लिंक छोटी करणाऱ्या सेवा वापरणं स्पॅममध्ये धरलं जातं. पूर्ण लिंक द्या. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स (कमिशन योजनेच्या) खात्यात आपल्या पिंटरेस्ट प्रोफाइलचा पत्ता नोंदवा. पहिल्या 180 दिवसांत 3 पात्र विक्री झाल्या नाहीत तर ते खातं बंद होतं. पिनवर किंमत लिहू नका, ती बदलते. फोटो स्वतः काढलेलाच हवा. आणि कमिशन मिळतं हे तिथेच, मराठीत, ‘जाहिरात’ असं लिहा. जाहिरात मानक परिषदेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात, आणि वाचणाऱ्याचा तो हक्कच आहे.

एआयने बनवलेल्या रांगोळ्यांचा सध्या सुळसुळाट आहे. त्यात ठिपके मोजले तर ओळीला ओळ जुळत नाही. पहाटे अंगणात बसून ती काढू पाहणारी बाई फसते आणि तुमच्या पानावर पुन्हा येत नाही. 2025 पासून पिंटरेस्ट अशा चित्रांवर शिक्काही मारतं. तुमच्या खऱ्या फोटोवर तो चुकून बसला तर अपील करता येतं, म्हणून मूळ फोटो जपून ठेवा.

चोरी ही इथली मोठी डोकेदुखी. कुणी तुमची पिन जतन केली तर ती चोरी नव्हे, लिंक तुमचीच राहते. स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या लिंकसह पुन्हा टाकली तर कॉपीराइटचा फॉर्म भरा. त्यात ‘रिमूव्ह ऑल’ निवडलं तर त्या चित्राच्या बाकीच्या प्रतीही काढायला सांगता येतं. चित्राच्या कोपऱ्यातलं नाव सहज कापलं जातं. ते रांगोळीच्या मधल्या पाकळीजवळ बारीक घाला.