शैक्षणिक पालकत्व, शाळेतलं जेवण की गणवेश? आफ्रिकेतल्या मुलांसाठी देणगी ठरवताना

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं, की एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे, चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत, लिहायला-वाचायला आणि सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेले मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला. म्हणून आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला संघात आफ्रिकेतल्या मुलांच्या शिक्षणासाठी नियमित काही द्यावं असा विषय निघाला, तेव्हा मला तो परका वाटला नाही. पैसे भरणार होती ब्रिटन-अमेरिकेतली आमची मुलं-सुना. कुठे भरायचे ते आम्ही शोधून द्यायचं होतं. (भारतातून थेट परदेशी संस्थेला दिलं तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, हेही एक कारण होतंच.)

पहिला पर्याय सगळ्यांना चटकन भावतो: एका मुलाचं शैक्षणिक पालकत्व. फोटो येतो, नाव कळतं, पत्रं येतात. यातली मोठी ख्रिस्ती संस्था म्हणजे कम्पॅशन इंटरनॅशनल. एव्हरेट स्वॉन्सन या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९५२ साली कोरियातल्या अनाथ मुलांसाठी हे काम सुरू केलं. आज युगांडा, केनिया, इथिओपियात ती स्थानिक मंडळ्यांमार्फत चालते. महिन्याला साधारण ४० डॉलर. त्यातून शाळेचा खर्च, औषधपाणी, शाळेबाहेरचे वर्ग आणि बायबलचं शिक्षणही. वर्ल्ड व्हिजनची रीत वेगळी आहे. तिथे फोटो एका मुलाचा असला तरी पैसा त्या सगळ्या भागाच्या पाण्यावर, शाळांवर, आरोग्यावर जातो. संस्था हे उघड सांगते. पण आपण नीट वाचलं नाही तर पुढे मन खट्टू होतं.

पालकत्वाने खरंच फरक पडतो का? कम्पॅशनच्या बाबतीत २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक चांगला अभ्यास आहे. युगांडा, केनिया आणि भारतासह सहा देशांतल्या १०,१४४ प्रौढांची माहिती घेऊन केलेला. लहानपणी ज्यांना पालकत्व मिळालं होतं, त्यांचं शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने जास्त झालं होतं, आणि माध्यमिक शाळा पूर्ण करणारे त्यांच्यात शंभरामागे १२ ते १८ने जास्त होते. एका मुलाच्या आयुष्यात हे थोडं नाही.

पण हा दहा-बारा वर्षांचा वसा आहे. मध्येच हप्ता थांबला तर त्या घराला पुन्हा कुणीतरी शोधावं लागतं. शिवाय सगळं काही आपल्या हातात नसतं. २०१७ साली कम्पॅशनला सरकारी परवानगीअभावी भारतातलं काम बंद करावं लागलं आणि सुमारे दीड लाख मुलांचं पालकत्व एकाएकी तुटलं. आणखी एक गोष्ट मनाला लागते: एका वर्गातल्या एका मुलाला पत्र आणि भेट येते, शेजारी बसलेल्याला येत नाही.

दुसरा पर्याय जेवणाचा. मेरीज मील्स ही स्कॉटलंडच्या मॅग्नस मॅक्फार्लेन-बॅरो या कॅथलिक गृहस्थाची संस्था. २००२ च्या दुष्काळात मलावीत सुमारे २०० मुलांपासून सुरुवात झाली. आता रोज २० लाखांहून जास्त मुलं जेवतात. मलावीत मका आणि सोयाबीनच्या पिठाची पेज देतात, तिला 'फाला' म्हणतात. गावच्या आया पाळीपाळीने पहाटे उठून मोठ्या पातेल्यात ती शिजवतात, पोरांना ती शाळेतच मिळते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली खिचडी डोळ्यांसमोर आणा. एका मुलाचा वर्षाचा खर्च संस्था २० पौंडांच्या आसपास सांगत आली आहे (आकडा बदलतो, भरताना ताजा पाहा). म्हणजे एका मुलाच्या पालकत्वाच्या वर्षभराच्या रकमेत पंधरा-वीस मुलांचं वर्षभराचं शाळेतलं जेवण होतं. जेवताना धर्म विचारला जात नाही. मी ख्रिस्ती आहे, सुवार्ता पोचावी असं मला मनापासून वाटतं. पण भुकेल्या लेकराच्या वाटीला अट लावलेली मला सोसत नाही, म्हणून हे मला फार जवळचं वाटतं.

जेवणाला उणी बाजूही आहे, आणि ती कळते पश्चिम केनियातल्या बुसिया भागातून. तिथे आयसीएस ही डच ख्रिस्ती मदतसंस्था शाळांमध्ये काम करायची. तिने एक धाडस केलं: आपली मदत खरंच उपयोगी पडते का, हे अर्थतज्ज्ञांना तपासू दिलं. बालवाड्यांत मोफत नाश्ता सुरू झाल्यावर हजेरी जवळपास ३० टक्क्यांनी वाढली, पण वाढण्या-आवरण्यात शिकवण्याचा वेळ गेला. मुलांचे गुण वाढले ते फक्त जिथे शिक्षक चांगले तयार होते तिथे.

त्याच भागात पाठ्यपुस्तकं वाटून पाहिली. सरासरी निकाल हललाच नाही. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांचा. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. मला हे वाचून धक्का बसला, कारण आमच्या सभेत पहिली सूचना पुस्तकांचीच आली होती.

उलट कुणाला सुचलं नसतं ते लागू पडलं. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना गणवेश दिले, तर त्यांची गैरहजेरी ४४ टक्क्यांनी घटली. गणवेश नाही म्हणून पोर घरी बसतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही गुरुजींना सांगावं लागणार नाही. मात्र हा परिणाम पुढच्या वर्षांत ओसरला. १९९८ पासून ७५ शाळांत जंताच्या गोळ्या दिल्या, तेव्हा गैरहजेरी पाव हिश्शाने कमी झाली, तीही अगदी थोड्या पैशांत. परीक्षेचे गुण मात्र वाढले नाहीत, आणि आकडेमोडीत पुढे चुका सापडून मोठा वाद झाला. आपल्या अंगणवाड्यांत जंतनाशक दिनाला देतात तीच ही गोळी. हे प्रयोग करणारे मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत मिळालं. बॅनर्जींच्या आई मूळच्या पाटणकर.

तर निवड कशी करावी? पगार पक्का असेल, पत्राला उत्तर लिहिण्याची हौस असेल आणि दहा वर्षं मागे न हटण्याची तयारी असेल, तर पालकत्व घ्या. वर्षाकाठी थोडेच पैसे असतील, किंवा पुढच्या वर्षाची खात्री नसेल, तर जेवण. तिथे तुमचा हात थांबला तरी एकाच लेकराचं ताट उलटत नाही. ओळखीची मिशन शाळा असेल तर पुस्तकांच्या पेट्या पाठवण्याआधी मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: मुलं शाळेत का येत नाहीत?

आमच्या संघातल्या सात घरांनी जेवणाला द्यायचं ठरवलं. एका घराने युगांडातल्या मुलीचं पालकत्व घेतलं, सून म्हणाली, "आई, ती बारावी होईपर्यंत माझं." तिने बँकेत तशी कायमची सूचना देऊन ठेवली आहे, आणि कधी नाइलाजाने थांबावंच लागलं तर संस्थेला नवा पालक शोधता यावा म्हणून सहा महिने आधी कळवायचं, हेही आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे.