कानबाईच्या रोटाचं त्यांनी काय केलं

एक शोधनिबंध छापून घेण्यात माझे साडेचौदा हजार गेले. सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने मिळणाऱ्या पैशांवर, तासिका घेणाऱ्यासाठी हा आकडा केवढा असतो ते सीएचबीवाल्यांनाच विचारा. पण हे लिहितेय ते पैशांसाठी नाही.

माझं पीएच.डी.चं काम कानबाईच्या गाण्यांवर चाललंय. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते घरातल्यांनीच खायचे. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी मोठ्या मायने (आजीला आम्ही मोठी माय म्हणतो) गायलेली गाणी मी तीन श्रावण मोबाइलवर रेकॉर्ड केली. तिचा आवाज आता चढत नाही, मध्येच थांबते, पाणी पिते, पुढची ओळ आठवते. ते थांबणंसुद्धा मी जसंच्या तसं उतरवून ठेवलंय.

या गाण्यांवरच्या लेखाची घाई प्राध्यापकाच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी होती. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 च्या नियमांत काढली, पण मुलाखतीच्या टेबलावर लेख मोजले जातातच. त्यात फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केली. चांगलं जर्नल कोणतं हे आता निकष बघून ज्याचं त्याने ठरवायचं. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लेख छापून देणाऱ्या एकाचा नंबर फिरू लागला.

मी फोन केला. समोरचा माणूस दोन वाक्यं मराठीत बोलला आणि तिसरं अहिराणीत. "ताई, काब्रं चिंता करतस?" बस, तिथेच मी विरघळले. आपल्या बोलीत बोलणारा आपल्याला कशाला बुडवेल, असं वाटलं. हिशोब त्याने फोनवरच सांगितला. छपाईचे 11 हजार, "एआय पॉलिशिंग"चे 2 हजार, आणि लेखात एआय शून्य टक्के आहे अशा प्रमाणपत्राचे दीड हजार. एआयने पॉलिश करायचं आणि एआय नाही म्हणून सर्टिफिकेट द्यायचं! हे मला त्या वेळी विचित्रसुद्धा वाटलं नाही. असल्या प्रमाणपत्राला किती अर्थ असतो बघा : चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं एआय-लेखन ओळखणारं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं होतं.

पॉलिशिंग मला हवंच होतं. आधी एका परिसंवादात वाचलेला मजकूर लेखात आल्यामुळे वाङ्मयचौर्याच्या तपासणीत आधीच्या मजकुराशी साम्य 23 टक्के दाखवत होतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत चालतं. "सहावर आणून देतो," तो म्हणाला. चौथ्या दिवशी लेख स्वीकारला गेला. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा होता, उत्तम लिहिलंय एवढाच. रात्री अकराला प्रूफ आलं, सोबत निरोप, "आजच ओके द्या, अंक लॉक होतोय." दुसऱ्या दिवशी माझी सकाळची तासिका. मी पहिलं पान बघितलं, नाव बरोबर आहे ना ते बघितलं आणि ओके पाठवलं. त्याच फॉर्मवर एक चौकोन होता, एआय वापरलेलं नाही असं जाहीर करण्याचा. त्यावरही मीच टिक केली.

श्रावणात लेखाची प्रिंट घेऊन गावी गेले. मोठी माय ओसरीवर गहू निवडत बसली होती. तिला म्हटलं, तुझी गाणी छापून आली, वाचून दाखवते. लेख इंग्रजीत, म्हणून मी बघत बघत तिला आपल्या भाषेत सांगू लागले. दुसऱ्या पानावर अडखळले. मी रोट हा शब्द रोमन लिपीत आर-ओ-टी असा लिहिला होता. साम्य कमी करायला त्यांनी मजकूर ज्या यंत्रातून काढला, त्याने त्याला इंग्रजीतला कुजण्याचा शब्द समजून समानार्थी शब्द बसवला होता. म्हणजे माझ्या नावाने छापलेल्या लेखात आमच्या घरचे पुरुष कानबाईसमोर बसून कुजकं वाटून खात होते.

अशा वाक्यांवर संशोधन झालंय हे मला नंतर कळलं. फ्रान्सचे गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये असे मोडूनतोडून टाकलेले शब्दप्रयोग शोधून दाखवले. कुठल्याशा लेखात "कृत्रिम बुद्धिमत्ता"चं "बनावट जाणीव" झालेलं होतं. आमचं तर देवीच्या प्रसादाचं झालं.

खरा धक्का पुढे होता. तिसऱ्या गाण्याला चार ओळी जास्त होत्या, ज्यांत कानबाई नदीकाठच्या नारळीच्या बनात उतरते. बोरी नदीकाठी नारळीचं बन! आमच्याकडे नारळ किराणा दुकानातून येतो. देवीचा मुखवटा नारळाचा असतो, त्यावरून यंत्राने अख्खं बन लावून टाकलं असणार. मी त्या ओळी मोठ्या मायला सांगितल्या. तिचा हात सुपात थांबला. म्हणाली, "हाई मनं गानं नई शे." आणि पुन्हा खडे वेचू लागली.

त्या रात्री मी संदर्भयादी घेऊन बसले. मी दिले होते 17, छापले होते 26. वाढलेल्या नऊंपैकी एकही खरा निघाला नाही. एकावर तर माझ्या गाईड सरांचं नाव. सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "मी हे पुस्तक कधी लिहिलं बुवा?" ही यंत्रं पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत लिहितात, त्यामुळे लेखक, साल, प्रकाशक सगळं शोभेल असंच येतं. ते पुस्तक जगात आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पडत नाही. लेखावरचा डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक, मी डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला, तर असा क्रमांकच नाही. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा क्रमांक, मात्र खरा होता, पण आयएसएसएन पोर्टलवर तो भलत्याच नियतकालिकाचा निघाला. एका जुन्या मासिकाचं नाव आणि क्रमांक उचलून या लोकांनी नवी वेबसाइट थाटली होती. हे सगळं तपासायला मला वीस मिनिटं लागली. पैसे भरायच्या आधीही वीसच लागली असती.

सर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी समजावलं की एआय वापरणं हा गुन्हा नाही, माझ्यासारखीने इंग्रजी नीट करायला वापरलं तरी चालतं. पण प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या कोप या संस्थेने फेब्रुवारी 2023 मध्येच स्पष्ट केलंय की यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. कुठलं साधन कशासाठी वापरलं ते लेखात सांगायचं, आणि यंत्राने लिहिलेल्या शब्दाचाही जाब लेखकानेच द्यायचा. "प्रूफला ओके कोणी दिलं?" एवढंच त्यांनी विचारलं. शिवाय मोठ्या मायने गाणी मला दिली होती, मी ती तिला न विचारता एका अनोळखी माणसाच्या हवाली केली, तीही कुठल्या यंत्रात गेली कोण जाणे. हे सर बोलले नाहीत, माझं मलाच कळलं.

लेख काढून टाका म्हणून मेल केला, तर उत्तर आलं, माघार शुल्क 8 हजार. नाही भरले. यूपीआय एका व्यक्तीच्या नावावर गेला होता. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर चार-पाच महिने उलटले होते. असली तक्रार पहिल्या काही तासांत गेली तर पैसे अडवता येतात. तो नंबर आता लागत नाही. मुलाखतीच्या फाइलमधून लेख मीच काढला आणि का काढला तेही लिहून दिलं.

लेख मात्र अजून इंटरनेटवर आहे. गेल्या आठवड्यात साक्रीकडच्या एका मुलाचा मेसेज आला. "मॅडम, तुमच्या लेखातला 19 नंबरचा संदर्भ कुठे मिळेल? लायब्ररीत नाही." मी त्याला सगळं खरं सांगितलं. बराच वेळ तो काही लिहीत होता, पुसत होता. मग उत्तर आलं : "मॅडम, मी तर तो पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये टाकून जमापण केला."